डाव्या हाताची झोप

त्या दिवशी मखमल घरातून निघाला तो धुलाईवाल्याकडचे सलूनचे टॉवेल आणायला, आणि जाऊन बसला दवाखान्यात. यात त्याचा काडीचाही दोष नाही. धुलाईचं दुकान तळमजल्यावर, दवाखाना बरोबर त्याच्या डोक्यावर, आणि सोबत बायको. टॉवेलांचं गाठोडं काखेत आल्याबरोबर तिने त्याला जिन्याकडे वळवलं, आणि लग्नाला सव्वीस वर्षं झालेला माणूस वळवला की वळतो.

"अहो, नुसतं दाखवायचं तर आहे. कापून नाही घेणार कोणी."

"कापायचं काम माझं," असं पुटपुटत मखमल पायऱ्या चढला.

मखमल हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते गिऱ्हाइकांनी ठेवलं. गालावरून वस्तरा फिरतोय की मांजराचं शेपूट, ते कळायचं नाही म्हणून. स्वतःचं खरं नाव त्याला आताशा फक्त विजेच्या बिलावर भेटायचं. माणूस गोल, हसरा, भिडस्त. कोणी म्हणालं, "मखमल, पंखा कमी कर," की कमी. दुसरा म्हणाला, "वाढव," की वाढला. दिवसभर बिचारा बटणाशीच.

तर या मखमलचा डावा हात गेला महिनाभर रुसला होता. दुपारी सलूनमध्ये तासभर डुलकी काढून उठलं, की हात कोपरापासून खाली मेलेला. उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवावा, तर वाटावं, हा आपला नव्हेच, कोणीतरी विसरून गेलंय. मग मुंग्या. आधी त्या पाच मिनिटांत जायच्या. आता दिवेलागणीपर्यंत दोन बोटं लाकडाची.

तुम्ही म्हणाल, डावाच ना? वस्तरा तर उजव्या हातात असतो. असं म्हणणाऱ्याने दुसऱ्याची दाढी कधी केलेली नाही. डाव्या हाताने गाल ताणून धरावा लागतो. तो ताण जरा सैल पडला की पातं अडखळलंच. आणि गेल्या आठवड्यात ते अडखळलं. वकीलसाहेबांच्या हनुवटीवर रक्ताचा थेंब आला. तीस वर्षांतला पहिला. वकीलसाहेब हसून म्हणाले, "मखमल, केस ठोकू का तुझ्यावर?" मखमलही हसला. पण चार दिवसांनी आरशात समोरच्या नव्या सलूनचं दार दिसलं, आणि त्या दारातून गाल चोळत बाहेर पडणारे वकीलसाहेब दिसले. हा हात गेला तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर आपण कोण? दुसरं त्याला काही येत नव्हतं. अंडं उकडायला सांगितलं तर फुटून पातेल्याला चिकटायचं.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिच्या वडिलांची दाढी मखमलने कित्येक वर्षं केली होती, म्हणून ती त्याला काका म्हणायची. तिने मान वाकवून पाहिली, मनगटावर टिचक्या मारल्या, बोटांना टाचणी टोचून पाहिली. रक्त घेतलं.

"काका, झोपेत हात बधिर व्हायला कारणं काय, ढीगभर असतात. मानेत नस दाबली जाते. मनगटात दाबली जाते, तुम्ही तर जन्मभर मनगटं वाकवूनच काम केलंय. साखर असू शकते. एखादं जीवनसत्त्व कमी असू शकतं. पण बहुतेक वेळा गोष्ट साधी असते. झोपेत हातावर वजन पडतं. डोक्याचं नाहीतर अंगाचं. रात्री होतं का असं?"

"रात्री अजिबात नाही. घरी मी गुण्यागोविंदाने झोपतो."

"घोरतात," बायको म्हणाली.

"फक्त दुपारी होतं. सलूनमध्ये, खुर्चीत."

"आणि तेव्हा डाव्या हातावर काय असतं?"

"काही नाही. खुर्चीच्या हातावर सरळ ठेवलेला असतो. गादी आहे त्याला."

"मग कोणीतरी दाबत असणार," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाली. बायको हसली. सगळ्यांत मोठ्याने मखमल हसला.

दोन दिवसांनी रक्ताचा कागद आला. साखर ठीक. एक जीवनसत्त्व किंचित कमी. त्याच्या गोळ्या आणि मनगटाला एक पट्टा, असं सगळं घेऊन मखमल कामाला लागला.

सलूनमध्ये खुर्च्या दोन. एक नवी, पायाने दाबली की वर उचलणारी. त्यावर गिऱ्हाइकं. दुसरी डाव्या भिंतीकडची, ओतीव लोखंडाची, काळ्या चामड्याची, चार माणसांनाही न हलणारी. ती वस्तादांची. वस्ताद म्हणजे ज्यांनी मखमलला हे काम शिकवलं ते. प्रचंड पोटाचा, डावरा, तोंडाने तुटक आणि हाताने देवमाणूस. जाऊन अकरा वर्षं झाली होती. गिऱ्हाइकांना ती खुर्ची जुनाट वाटायची, म्हणून ती मखमलच्या दुपारच्या झोपेला राहिली. दोन वाजले की तो शटर अर्धं खाली ओढायचा. मग रस्त्याचा आवाज पाण्याखालून यावा तसा यायचा, पंखा कुरकुरायचा, पावडरीचा आणि ओल्या टॉवेलांचा वास जरा दाट व्हायचा, आणि आरशात नुसता अंधूक पांढरा उजेड उरायचा. अशी झोप राजालाही मिळत नसेल.

पट्टा बांधून झोपलेल्या पहिल्याच दुपारी तो उठला तेव्हा हात नेहमीसारखाच मेलेला होता. वैतागून त्याने उजव्या हाताने गाल खाजवला, आणि खाजवायला काही सापडलंच नाही.

तीन दिवसांची दाढी होती. दिवसभर दुसऱ्यांच्या दाढ्या करणाऱ्याला स्वतःची करायचा कंटाळा असतो. ती दाढी साफ गेली होती. गाल थंड, आणि त्याला वास येत होता. लिंबाच्या सालीसारखा, जुन्या गोल डबीतल्या साबणाचा. तो साबण बाजारातून गायब होऊन जमाना झाला.

"आज स्वारी अगदी चकाचक!" संध्याकाळी बायकोने टोमणा मारलाच. "कोणाला भेटायला गेला होतात?"

"केली असेल… उभ्या उभ्या. लक्षात नाही," मखमल म्हणाला. मनात म्हणाला, वय झालं बाबा.

पण चार दिवसांनी, दाढी पुन्हा वाढल्यावर, पुन्हा तेच. या वेळी मखमल आरशाला नाक लावून उभा राहिला. मास्तरांना जसं अक्षर कळतं, तशी चांगल्या कारागिराला चेहऱ्यावरून वस्तऱ्याची चाल कळते. कुठून सुरुवात केली, कुठे पातं उचललं, कानाजवळचे कल्ले कोणत्या बाजूला उतरते कापले. ही चाल सरळसरळ डावऱ्या हाताची होती. मखमलने एकदा आरशात पाहिलं, एकदा मांडीवरच्या निर्जीव डाव्या हाताकडे.

"अगं, सापडलं!" घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. आवाज खाली, डोळे मोठे. "माझा हात झोपेत उठतो. मी झोपलेला असतो, आणि तो कामाला जातो. म्हणून मी जागा होतो तेव्हा तो दमून पडलेला असतो."

"वा! इतकी वर्षं भांडी घासायला नाही उठला तो कधी."

"चेष्टा नाही करत."

ती हसत होती, ती थांबली. शिवणाच्या मशीनवरचा हात तसाच ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली.

"म्हणजे… तुम्ही झोपेत असता, हाताला काही कळत नसतं, आणि त्या हातात वस्तरा असतो. गळ्यापाशी."

हे मखमलच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता आलं, आणि बसलं.

"मला भीती वाटते हो," बायको म्हणाली. "तुमची चेष्टा करायला तुम्ही जागेवर हवात ना मला."

दुसऱ्या दिवशी दीड वाजता ती स्वतः सलूनमध्ये आली. सगळे वस्तरे, कात्र्या, पात्यांची पाकिटं, सगळं जेवणाच्या डब्यात भरून घरी घेऊन गेली आणि दुपारपुरतं मशीनच्या खणात कुलूप लावून ठेवलं. सलूनमध्ये कापण्यासारखं म्हणून एक पातंसुद्धा उरलं नाही. मखमल निर्धास्त झोपला.

उठला तेव्हा दाढी झालेली होती. लिंबाचा वास दरवळत होता, आणि डावा हात दगड.

आता दुसरा कोणी असता तर त्याच दिवशी शटर ओढून पळाला असता. मखमलही पळाला, कोपऱ्यापर्यंत. तिथे उभा राहून त्याने समोरच्या सलूनमधली गर्दी पाहिली. हा हात असाच राहिला तर उद्या आपल्या खुर्चीपाशी दुसरं कोणी नेमावं लागेल, असा विचार केला. आणि त्याला रडूच आलं. भर रस्त्यात, एवढा मोठा माणूस. रागही आला. जे काही आहे ते आपला हात खातंय, आणि आपण मात्र डोळे मिटून घोरतोय! उद्या झोपायचंच नाही, असं त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता त्याने शटर अर्धं ओढलं, वस्तादांच्या खुर्चीत मान मागे टेकली, हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि झोपेचं सोंग घेतलं. पापण्यांच्या फटीतून आरसा दिसत होता. आरशात खुर्ची, खुर्चीत तो, मागे बाकावरचं जुनं वर्तमानपत्र. पंखा कुरकुरत होता. खोटं वाटू नये म्हणून तो अधूनमधून घोरतही होता.

बराच वेळ काही झालं नाही. मग बाहेरच्या रस्त्याचा आवाज बंद झाला. हळूहळू नव्हे… कोणी दार लावावं तसा.

लिंबाचा वास आला.

आणि डाव्या कोपरावर काहीतरी टेकलं. मऊ. जड. कोमट नव्हतं. ते टेकलं, नीट विसावलं, आणि हळूहळू आपला सगळा भार त्याच्या हातावर सोडू लागलं. मखमलचं घोरणं घशातच अडकलं. आरशात त्याच्या डाव्या बाजूला कोणीही नव्हतं. भिंत होती, आणि भिंतीवर टॉवेलाची खुंटी.

गालावर गार फेस लागला. ब्रश गोल गोल फिरत होता. ब्रश दिसत नव्हता, फेस मात्र आरशात दिसत होता, हळूहळू पसरणारा. मग ब्रश थांबला. हनुवटीवर दोन बोटांनी टक टक झालं.

भीतीने मखमलचे दात वाजत होते. पण ती टक टक त्याच्या हाडात मुरलेली होती. चौदाव्या वर्षापासून वस्तादांनी त्याच्याच तोंडावर दाढी शिकवली होती, दाढी नव्हती तेव्हापासून. टक टक म्हणजे तोंड उजवीकडे. त्याने निमूट तोंड उजवीकडे केलं.

"मान…" कोणीतरी अगदी कानाशी म्हणालं. श्वास लागलेला, तुटक. "…वर."

मान वर झाली. पातं गळ्यावरून खालून वर आलं, आणि मखमलला कळलं की आपल्याला ज्या हातासाठी मखमल म्हणतात, तो हात आपल्याकडे कधी नव्हताच. खरी मखमल ही होती.

भीती तशीच होती, पण तिच्या बाजूला आता दुसरंही काहीतरी येऊन बसलं. हाताला मुंग्या यायला लागल्या, मग मुंग्याही गेल्या, आणि एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याचा हात कुठेही उठून जात नव्हता. तो इथेच होता, खुर्चीच्या हातावर, आणि त्यावर वस्तादांचं पोट होतं! दाढी वाढलेली नसेल त्या दुपारीही ते नुसते वाकून गाल पाहत असणार. डावरा माणूस गिऱ्हाइकाच्या डावीकडेच उभा राहणार. दाढी करायला वाकला की पोट कोपरावर टेकणार. शिकत असताना तासन्तास हेच पोट त्याने सोसलं होतं. आणि सोसून गप्प बसला होता, कारण खुर्चीत बसलेला माणूस दाढी करणाऱ्याला कधी सांगत नाही, की अहो, तुम्ही माझ्या हातावर रेललाय. गळ्याशी वस्तरा असताना भांडायला कोण जातं? आपणही इतकी वर्षं किती कोपरं चेंगरली असतील कोण जाणे, आणि सगळे बिचारे गप्प!

त्याला हसू यायला लागलं. भीतीने थरथरत, डोळ्यांत पाणी, आणि वर हसू. पातं क्षणभर थबकलं.

"वस्ताद…" तो फुटक्या आवाजात म्हणाला. "रागावू नका… पण तेवढा माझा हात… जरा सरकता का?"

काहीच झालं नाही. पंख्याचाही आवाज येत नव्हता. मखमलने डोळे घट्ट मिटून घेतले.

मग कोपरावरचं वजन उठलं. एक नाराजीचा हुंकार ऐकू आला, अगदी वस्तादांचा, चूक त्यांची असली की ते करायचे तसा. राहिलेला गाल त्यांनी हात लांब करून पुरा केला. रस्त्याचा आवाज एकदम परत आला, आणि मखमल उठून उभा राहिला. डाव्या हाताच्या पाचही बोटांत लख्ख जीव होता.

घरी त्याने सगळं सांगितलं. बायकोने आधी त्याचं कपाळ पाहिलं, ताप नव्हता. मग गाल पाहिला. बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिली.

"काय हो, इतकी छान तुम्ही कधीच करत नाही," ती म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी."

"मग आता?"

"आता डावा हात मांडीवर घेऊन झोपायचं. त्यांना रेलायला जागा, मला हात. संपलं."

आणि खरंच संपलं. हात मांडीवर घेतल्यापासून मुंगीसुद्धा आली नाही. महिन्याभरात बोटं पूर्वीसारखी झाली. डॉक्टरीणबाईने गोळ्यांचं कौतुक केलं, मखमलने ते करू दिलं. वकीलसाहेब एका सकाळी दारात आले, "तिकडे गर्दी फार," असं काहीतरी पुटपुटत खुर्चीत बसले, आणि मखमलने त्यांच्या गळ्यावरून असा वस्तरा फिरवला की ते खुर्चीतच घोरायला लागले. गळ्याखालची ती खालून वर जाणारी चाल त्याला आता दुपारी दुपारी कळत चालली होती. मात्र दाढी करताना तो गिऱ्हाइकाच्या कोपराला पोट लागू देत नसे. गर्दी वाढली. बायको म्हणायला लागली, एखादा माणूस ठेवा हाताखाली. मखमल म्हणायचा, माणूस आहे की! आणि दोघंही खो खो हसायची. ती आधी हसायची, मग जरा मागे वळून पाहायची.

एका दुपारी मखमल नेहमीसारखा झोपला. डावा हात मांडीवर, उजवा खुर्चीच्या हातावर. जाग आली ती मुंग्यांनी.

डावा हात ताजातवाना होता. उजवा कोपरापासून खाली मेला होता.

त्यावर वजन होतं. अजून होतं. मऊ, गोल, वस्तादांच्या मानाने लहान. डावा गाल झालेला होता, गार, लिंबाच्या वासाचा. उजव्या गालावर पातं चाललं होतं. मखमलने श्वास रोखला आणि ती चाल वाचायला लागला. वस्तादांची नव्हती. उजव्या हाताची होती. कानाखाली आल्यावर पातं एकदा उगाचच थांबलं, मग गाल एका ओढीत पुरा न करता दोन तुकड्यांत केला. ही खोड मोडावी म्हणून वस्ताद हयातभर ओरडले होते, आणि ती मोडली नव्हती. या दुकानात उजव्या हाताने वस्तरा धरणारा आजवर एकच माणूस झाला होता, आणि तो तर या खुर्चीत बसला होता.

आरशात फक्त तो होता, खुर्चीत, अर्ध्या तोंडाला फेस लावलेला. डावीकडून वस्तादांचा तो समाधानाचा सुस्कारा आला, काम कोणावर तरी सोपवून बाजूला बसताना ते सोडायचे तसा.

ओठ ओले करून, अगदी हळू, आपल्याच नावाने हाक मारताना वाटतं तसं अवघडत तो म्हणाला,

"मखमल… जरा सरकतोस का रे?"

उजव्या कोपरावरचं वजन लगेच उठलं. मखमलचा स्वभावच तसा, कोणी सांगितलं की ऐकतो.